सत्तेचाळीस नंबरची नळी

७ जानेवारी

प्रयोगशाळेच्या वहीत मत लिहायचं नसतं. जे दिसलं ते लिहायचं आणि खाली सही करायची. गेल्या आठवड्यात एका रुग्णाच्या पानावर मी 'थकलेले वाटले' असं लिहिलं, तर मॅडमनी लाल पेनाने त्याला गोल केला आणि बाजूला लिहिलं, "कशावरून?" त्यांचं बरोबर होतं. म्हणून 'वाटलं' या सदरातल्या गोष्टींसाठी ही वेगळी वही. रोज लिहिणार नाही.

ही वही कुणी वाचणार नाही, तरी आधी व्याख्या लिहायची सवय जात नाही. मॅडम म्हणजे आमच्या संशोधन विभागाच्या प्रमुख, हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टर. माझ्याकडे रक्ताच्या चाचण्या आणि आकडे. आजार दुर्मीळ आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ होते आणि ती वाढीचं हार्मोन गरज नसताना सोडत राहते. मोठ्या माणसाची उंची तर वाढू शकत नाही, मग हात वाढतात, पावलं वाढतात, जबडा, नाक, जीभ. वर्षानुवर्षं, इतकं हळू की कुणाच्या लक्षात येत नाही. गाठीच्या वरूनच डोळ्यांच्या नसा जातात. त्या दबल्या की आधी कडेचं दिसणं जातं.

व्याख्या संपली.

१६ जानेवारी

आज ड्रायव्हरकाका तपासणीला आले होते. आमचे सगळ्यात जुने रुग्ण, निवृत्त बसचालक. हाताचा पंजा माझ्या दीडपट. बोटांच्या मापाच्या अंगठ्यांचा जुडगा घेऊन मी त्यांचं बोट मोजत होते तेव्हा म्हणाले, "कुठली बसली ते सांग, म्हणजे साखरपुडा उरकून टाकू." मी आकडा सांगितला. "अगं, जरा हसत जा," ते म्हणाले, "माझ्या बसमध्ये बिनतिकीट सापडलेले लोकसुद्धा तुझ्यापेक्षा हसरे असायचे."

मॅडमची एक पद्धत आहे. नव्या रुग्णाला त्या जुने फोटो आणायला सांगतात. मी ते वर्षांच्या क्रमाने टेबलावर ओळीने मांडते आणि जबडा, नाक, भुवयांचं हाड मोजते. आज काकांची ओळ एका नव्या डॉक्टरांना दाखवायची होती. पंचवीस वर्षांचे काका आणि आत्ताचे काका, दोन वेगळी माणसं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"घरातल्यांच्या कसं येणार?" काका म्हणाले. "बायको तर म्हणते, तुम्ही मला पहिल्यापासून असेच दिसता. मला हटकलं ते आगाराच्या फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने. म्हणे, ओळखपत्रावरचा माणूस कुठाय?"

मुद्दा रास्त आहे. रोज पाहणारा माणूस हे मोजण्याचं सगळ्यात वाईट साधन.

३ फेब्रुवारी

चाचणीचं नवं यंत्र आलं. त्यामुळे 'निरोगी माणसात किती असतं' हे पुन्हा ठरवावं लागणार. एकशे वीस निरोगी माणसांचं रक्त हवं. कर्मचारी, त्यांचे नातेवाईक, जो मिळेल तो.

संमतिपत्र मी लिहिलं. नळीवर फक्त क्रमांक, वयोगट आणि स्त्री की पुरुष. कुठला क्रमांक कुणाचा याची नोंद ठेवायचीच नाही. मॅडम म्हणत होत्या, "नोंद असू दे एका पाकिटात. एखाद्याचं काही विचित्र निघालं तर?" मी म्हटलं, "मग ते निरोगी गटातच बसत नाही. आणि नाव कळलं की आपण आकड्याकडे वेगळ्या नजरेने बघतो." त्यांनी जरा विचार केला आणि सही केली. मला हे काम नीटनेटकं झाल्यासारखं वाटलं.

घरी वेगळंच रणकंदन. आई घरीच शिवणकाम करते: कपडे छोटे-मोठे करून देणं, पडदे, गणवेश. तिचं म्हणणं, धार लावणाऱ्याने तिची कात्री बदलून दिली.

"ही माझी नव्हेच. माझ्या कात्रीत अंगठा कसा अलगद जायचा. हिचं कडं बघ केवढंसं आहे."

बाबा म्हणाले, "अगं, तुझ्याच खुणेचा लाल दोरा बांधलेला आहे तिला."

"मग दोरासुद्धा काढून हिला बांधला असेल. लबाड आहे मेला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय दशांशबाई, तुमचं शास्त्र काय म्हणतं?" बाबा मला लहानपणापासून दशांश म्हणतात, कारण मी उत्तर पूर्णांकात देत नाही. मी म्हटलं, धातू आकसत नाही. मग त्यांनी बाजारातून मोठ्या कड्यांची कात्री आणून दिली आणि भांडण मिटलं.

११ फेब्रुवारी

आईबाबा दोघंही रक्त द्यायला आले. मॅडम परिषदेला गेल्या होत्या. मी नियमाप्रमाणे खोलीबाहेर थांबले. सिस्टर नंतर म्हणाल्या, "तुझ्या आईचे हात बघून कळतं, बाईने आयुष्यभर काम केलंय." आई बाहेर आली ती चपला हातात घेऊन. तिला हल्ली सगळ्या चपला चावतात.

"काय निघालं माझ्या रक्तात?" जिना उतरताना तिने विचारलं.

"तसं कळत नाही. सगळ्यांचं मिळून एक उत्तर येतं."

"म्हणजे मतदानासारखं," बाबा म्हणाले.

"आणि मी एवढं रक्त देऊन माझं मला काहीच कळणार नाही?"

"तू निरोगी आहेस म्हणून तर घेतलं, आई."

२७ फेब्रुवारी

आज घरात हसून पुरेवाट. मावशीचा फोन आला. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, सात वर्षांपूर्वी दूरदेशी गेली ती अजून आलेली नाही. फोन आईने उचलला आणि "बोल गं" म्हणाली, तर मावशी म्हणते, "भावोजी, ताईला द्या ना जरा." आई म्हणाली, "मीच बोलतेय गाढवे!" मावशीचा विश्वासच बसेना. बाबा आता ऊठसूट आईला "भावोजी" म्हणतात. आई म्हणते घशाला धूळ बसलीय, कापडाची.

बाबा महिन्याभरापासून हॉलमध्ये झोपतात. आईच्या घोरण्याने खिडकीची काच वाजते असं त्यांचं म्हणणं. मावशी एप्रिलमध्ये येणार आहे.

१३ मार्च

निरोगी गटाचे निकाल आले. छान एकसंध आकडे. फक्त एक नळी वेडीवाकडी. क्रमांक सत्तेचाळीस, स्त्री, वयोगट पन्नास ते साठ. वरच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. पुन्हा चाचणी केली. तेवढंच.

निरोगी गटाचं रक्त घेतलं तेव्हा शेजारच्या टेबलावर रुग्णांचीही रक्तं घेतली जात होती. नळीची अदलाबदल हे सगळ्यात सरळ स्पष्टीकरण.

१४ मार्च

मॅडमशी चर्चा. त्या म्हणाल्या, "खरंच एखादी बाई असली तर?"

"हा आजार लाखात काही जणांना होतो. नळी चुकणं त्याहून कितीतरी सोपं."

"सिस्टरला विचारलंस?"

"विचारलं. त्या म्हणतात, चूक झाली नाही. पण तसं सगळेच म्हणतात."

"आणि शोधायचं ठरवलं तरी शोधता येणार नाही," त्या म्हणाल्या. दोष देत नव्हत्या. मग बराच वेळ पेन हातात फिरवून म्हणाल्या, "ठीक. वगळ."

सत्तेचाळीस नंबर वगळला. उरलेला नमुना नियमाप्रमाणे जाळायला दिला. आलेखाची एक बाजू उगाच ताणली गेली होती, ती आता जागेवर आली.

१ एप्रिल

आईने एका गिऱ्हाइकाचा कोट बिघडवला. डावी बाजू नीट, उजवीकडे कात्री कापडाबाहेर जाऊन अस्तरात शिरली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. ती नुसती कोटाकडे बघत बसली. उठताना तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागला. परवाही लागला होता. मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर बदलला असेल." बाबा तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. नवा नंबर मिळाला. वाचण्याचा.

१९ एप्रिल

मावशी आली. जे झालं ते क्रमाने लिहिते.

आम्ही तिघं बसस्थानकावर गेलो होतो. आई पुढे, मी आणि बाबा मागे सामानाची गाडी शोधत. मावशी उतरली. आई दोन्ही हात पसरून तिच्याकडे निघाली. मावशीने तिच्याकडे पाहिलं, अनोळखी बाईला वाट देतो तशी जरा बाजूला सरकली आणि पुढे आली. माझ्याकडे. "पोरी! ताई कुठाय?"

आई तिच्यामागे हात तसेच पसरून उभी होती.

मग मावशी वळली. हसली नाही. आईचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "ताई, तुला काय झालंय गं?"

"म्हातारी झाले," आई म्हणाली. "तू काय सोळा वर्षांची राहिलीस का?"

मी आईकडे पाहिलं. हनुवटी. भुवयांचं हाड. खालच्या दातांमधल्या फटी. मावशीच्या गालावर ठेवलेला तिचा हात.

बाबा म्हणाले, "दशांश, बॅग उचल."

२० एप्रिल

सकाळी आईचीच टेप घेतली आणि तिला मोजलं. बोटं, मनगट, पाऊल.

"काय शिवणार आहेस मला?" ती म्हणाली.

"हलू नकोस."

"गिऱ्हाइकाशी असं बोलतात का?"

मग डोळे समोर ठेवायला सांगून मी माझं बोट तिच्या कानाच्या बाजूने पुढे आणत गेले. 'दिसलं की सांग.' बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा ती म्हणाली, "हं, आता." दुसऱ्या बाजूनेही तसंच.

"बरोबर आलं का उत्तर?" तिने विचारलं. तिला वाटलं, ही परीक्षा आहे.

२२ एप्रिल

आईला मॅडमकडे नेलं. मॅडमनी दारातच एकदा पाहिलं. नंतर आईशी अतिशय मायेने बोलल्या. तासभर माझ्या नजरेला नजर दिली नाही.

नवं रक्त घेतलं. चाचणी मी केली नाही, मला करू दिली नाही. निकाल मात्र बघितला. सत्तेचाळीस नंबरच्या आकड्यात आणि या आकड्यात जो फरक आहे, तो यंत्राच्या नेहमीच्या फरकाहून जास्त नाही.

नोंद न ठेवल्यामुळे ती नळी आईची होती हे सिद्ध करता येत नाही. तसं मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सिद्ध कुणाला करायचंय?"

३० एप्रिल

गाठ मोठी आहे. वर डोळ्यांच्या नसांना उचलून धरलंय, आणि डावीकडे मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीभोवती वेढा घातलाय. वेढ्यातला भाग काढता येणार नाही. शस्त्रक्रिया नाकातून होते.

"नाकातून?" आई सर्जनना म्हणाली. "मग मी जोरात शिंकले तर?"

सर्जन हसले. बाबा हसले नाहीत. ते खुर्चीच्या दांडीवरचा एक सुटलेला धागा ओढत होते, ओढतच होते.

बाहेर आल्यावर मी सर्जनना एकटीने गाठलं. विचारलं, मार्चमध्ये कळलं असतं तर नजरेत किती फरक पडला असता? टक्क्यांत सांगा.

"नाही सांगता येत."

"अंदाजे."

"अंदाज सांगून तुम्ही काय करणार?"

आकडा असला की त्याचं काहीतरी करता येतं असं मी आजवर धरून चालले होते.

४ मे

आज आईला सांगितलं. ती हातशिलाई करत होती, सुईत दोरा मी ओवून दिला होता. म्हटलं, फेब्रुवारीतल्या रक्तात दिसलं होतं. मीच ते वगळलं. आणि कुणाचं आहे ते शोधता येऊ नये अशी व्यवस्थाही मीच केली होती.

तिने टाका पूर्ण केला.

"का वगळलंस?"

"फार जास्त होतं. बाकीच्यांत बसत नव्हतं."

"मग बरोबरच केलंस की. निरोग्यांत मी कशी बसणार?"

मी म्हटलं, "आई, तसं नाही."

"मला काय कळतं त्यातलं," ती म्हणाली. दोरा दाताने तोडायला गेली, पण हल्ली तिचे दात एकमेकांवर बसत नाहीत. दोरा तुटेना. मी कात्री दिली. मग खाली बघतच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. मावशीला तर मुळीच नको, ती तुला बोलेल."

एवढंच. मग तिने विचारलं, जेवायला काय करू.

१२ मे

शस्त्रक्रिया झाली. जेवढी काढता येण्यासारखी होती तेवढी काढली.

दिवसभर बाकावर. मावशीने कुणाकुणाला फोन केले. मी या विषयावरचे चारशे शोधनिबंध वाचले आहेत. बाकावर बसलेल्या माणसाने काय करायचं असतं ते एकातही नाही. मला चहा आणायचं सुचलं. आणला. कुणी प्यायलं नाही.

संध्याकाळी आईला पाहिलं. नाकात बोळे. मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. ती उजवीकडे बाबांशी, मावशीशी हातानेच बोलत होती. मग तिने बाबांना खूण केली: ती कुठाय?

मी तिथेच होते.

९ जून

हार्मोन निम्म्यावर आलं आणि थांबलं. वेढ्यातली गाठ काम करते आहे. आता दर महिन्याला इंजेक्शन. उजवीकडची कड बरीचशी परत आली. डावीकडची नाही. मॅडम म्हणाल्या, "सहा महिने वाट बघू." वाट बघू हा उपचार नाही हे त्यांनाही माहीत आहे.

ड्रायव्हरकाकांना कुठून तरी कळलं. आज बोट मोजू देताना त्यांनी काहीच विनोद केला नाही. जाताना म्हणाले, "माझी बायको बावीस वर्षं रोज माझ्यासमोर बसून जेवते, बाळ." मला त्यांचा राग आला. नंतर वाटलं, काका परत यावेत.

मावशी परत गेली. निघताना तिने आईचा फोटो काढला. आई नको नको म्हणत होती.

३ ऑगस्ट

आमचा निबंध स्वीकारला गेला. त्यात माझं नाव दुसरं आहे. एक वाक्य असं आहे: 'एक नमुना संभाव्य अदलाबदलीमुळे वगळण्यात आला.' मी मॅडमना म्हटलं, हे वाक्य खोटं आहे. कारण बदलायला हवं.

"बदल," त्या म्हणाल्या. "पण मर्यादा बदलणार नाही. तो नमुना निरोगी माणसाचा नव्हता, त्यामुळे वगळणं योग्यच ठरतं."

हिशोब पुन्हा करून पाहिला. खरंच बदलत नाही. माझा एकही आकडा चुकलेला नाही.

'संभाव्य अदलाबदलीमुळे' खोडून 'दात्यास आजार असल्याचे नंतर आढळल्याने' असं लिहिलं.

२१ सप्टेंबर

इंजेक्शनांनी सूज उतरली आहे. हाडं वाढली ती वाढली, ती मागे येत नाहीत, पण बोटांचं मांस कमी झालंय. आज आईने कपाटातून जुनी कात्री काढली, लाल दोऱ्याची. अंगठा कड्यात घातला. जरा घट्ट, पण गेला.

"अय्या," ती म्हणाली, "ही माझीच होती की हो. त्या बिचाऱ्याला मी उगाच लबाड म्हटलं."

बाबा वर्तमानपत्रातून वर बघत म्हणाले, "जाऊन माफी माग, भावोजी."

शेजारच्या बाईंच्या पडद्याचं काम आलंय. आईने नाही म्हटलं नव्हतं. जमिनीवर लांबच लांब कापड पसरलं, गुडघ्यावर बसली आणि कापू लागली. डावीकडची कड तिला दिसत नाही, त्यामुळे मी त्या बाजूने कापड धरून सरकत होते.

"तू आहेस का तिथे?"

"आहे."

"मग बोलत राहा. म्हणजे कड कुठाय ते मला कळेल."

"काय बोलू?"

"काहीही. तुझं गप्प राहणं कापून कापून माझा हात दुखला. आकडे बोल तुझे."

मला पाठ होते ते निरोगी गटाचे. एक नंबर, एकशे बेचाळीस. दोन नंबर, एकशे अठरा. तीन नंबर, एकशे एकसष्ट. आई आवाजाच्या अंदाजाने कात्री चालवत होती आणि रेघ सरळ येत होती. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं.

सेहेचाळीस नंबरपर्यंत आले, तेव्हा कापड अजून बरंच बाकी होतं.